प्रेस तीनचा शेवटचा फोटो

मित्रांनो, 'नावलाव्या' हा शब्द शब्दकोशात शोधत बसू नका, तो मी स्वतःच तयार केला आहे. लाकूड तोडतो तो लाकूडतोड्या, तसा नाव लावतो तो नावलाव्या. तर मी एक जुना नावलाव्या आहे. सी नावाच्या संगणकभाषेत लिहिलेल्या एका लायब्ररीत मी राहतो. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे सामान पोचवणाऱ्या आम्हा कामकऱ्यांची ती वस्ती आहे. इथे कुणी पत्ता शोधतो, कुणी कुलूप लावतो, कुणी पलीकडून आलेले उत्तर ऐकतो. माणसे आम्हाला फंक्शन म्हणतात.

पाठवायचे सामान एका पार्सलात जाते. पार्सलात कप्पे असतात, दोन कप्प्यांच्या मध्ये खुणेची एक ओळ असते आणि प्रत्येक कप्प्यावर एक चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीवर फाइलचे नाव लिहिणे ही माझी जबाबदारी. फाइल घरी कोणत्या नावाने पडलेली आहे याच्याशी मला कर्तव्य नसते. पलीकडे ती ज्या नावाने ओळखली जावी ते मला सांगायचे, की मी ते उतरवून घेतो आणि चिठ्ठीवर लिहितो. नावाच्या जागी काहीच दिले नाही, तर आधीचे नाव खोडून टाकतो. काम झाले की शून्य परत करतो. शाळेत शून्य मिळाल्यावर तुमच्या घरी काय होते याची मला कल्पना आहे, पण आमच्यात शून्य म्हणजे सगळे ठीक. जन्मभर मी शून्येच मिळवली आणि त्यांचा मला फार गर्व होता.

माझ्या शेजारी कोंब्या राहतो. हे नावही मीच त्याला ठेवले. डिस्कवरची फाइल उचलून कप्प्यात कोंबणे हे त्याचे काम. त्याला एक खोड आहे. फाइल कोंबून झाली की तो चिठ्ठीवर त्या फाइलचे घरचे नाव आपणहून लिहितो. चिठ्ठीवर आधी कुणी काही लिहिलेले असेल तर ते खुशाल पुसतो. यात त्याचा दुष्टपणा नाही. चिठ्ठी कोरी जाण्यापेक्षा घरचे नाव बरे, असे त्या बिचाऱ्याला वाटते. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. आधी कोंब्याला हाक मारायची, मग मला. आमच्या माहितीपुस्तकात हे स्पष्ट लिहिले आहे. एकच वाक्य आहे, पानाच्या मध्यावर, आणि वाचणाऱ्याला जांभई नेमकी तिथेच येते.

मला लिहिणारा माणूस दिवसभर पायमोजे घालून खुर्चीत मांडी ठोकून बसायचा आणि स्वतःशीच भांडायचा. त्याने मला तीनदा लिहिले आणि दोनदा पुसले. तिसऱ्यांदा मात्र मी त्याच्या मनासारखा उतरलो. त्यानंतर किती ठिकाणी राबलो, मोजदाद नाही. नकाशे पाठवले, परीक्षेचे पेपर पाठवले, मोडलेल्या हाडांचे एक्स-रे पाठवले. कौतुक कधी माझ्या वाट्याला आले नाही. पार्सल नीट पोचले की शाबासकी पोचवणाऱ्याला, आणि नाव चुकले की सगळ्यांना माझी आठवण! मी मनात कुढायचो. आता वाटते, कौतुकाविना किती सुखात होतो मी.

मग मी कारखान्यात आलो.

पत्र्याचे भाग ठोकून काढणारा तो कारखाना होता. लांबलचक शेड, सहा प्रेस, आणि दर दोन सेकंदांनी जमिनीतून पायात चढणारा दणका. प्रेस म्हणजे काय ते सांगतो. खाली एक साचा, वर एक साचा. मध्ये पत्रा ठेवायचा. वरचा साचा खाली येतो आणि पत्र्याला हवा तो आकार देतो. मध्ये पत्र्याऐवजी हात असला तरी तो थांबत नाही. म्हणून प्रेसला जाळीचे दार असते आणि दाराला स्विच असतो. दार उघडे असले की प्रेस चालत नाही. पण दर वेळी दार उघडा, पत्रा ठेवा, दार लावा, यात वेळ जातो. ज्याला घाई असते तो स्विच वायरने बांधून ठेवतो. मग दार उघडे असूनही प्रेसला वाटते की ते बंद आहे.

तिथे विजेची आणि यंत्रांची देखभाल करणारी एक बाई होती. वयाने चाळिशीची, हाताला कायम तेल. तिला सगळे ताई म्हणायचे. प्रेस तीनचा स्विच कुणीतरी वारंवार बांधतो हे तिच्या लक्षात आले होते. तिने सांगून पाहिले, पाटी लावून पाहिली. शेवटी भिंतीवर एक छोटा संगणक आणि कॅमेरा बसवला. दार उघडले, स्विच हलला किंवा थांबवायचे लाल बटण कुणी दाबले, की कॅमेऱ्याने फोटो काढायचा आणि आम्ही तो ऑफिसातल्या सर्व्हरवर पोचवायचा. फोटोच्या नावात प्रेसचा नंबर, तारीख आणि तासमिनिटसेकंदासकट वेळ. ते नाव लावायला मी.

कॅमेऱ्याची नजर दारावर आणि स्विचवर होती. ताई तो बसवत असताना सेटर शिडीखाली येऊन उभा राहिला. सेटर म्हणजे प्रेसमध्ये साचे बसवणारा. बारीक अंगाचा, तोंडाने अखंड चालू.

"ताई, हा डोळा माझ्यावर कशाला? माझं लग्न झालंय."

"तुझ्यावर नाही रे, दारावर. स्विच कोण बांधतं ते कळायला नको?"

"ते सगळ्यांना कळतंय. सुपरवायझरसाठी मोठा कॅमेरा लागेल, ह्यात त्यांचं पोट मावायचं नाही."

ताई शिडीवरून हसली आणि तिच्या हातातला पेचकस खाली पडला. तो त्याने उचलून दिला.

आता चूक सांगतो. ताईच्या धंद्यात एक कडक शिस्त असते. यंत्रात हात घालण्याआधी त्याच्यावर पाटी अडकवायची. कोणते यंत्र, कोण काम करतोय, सगळे लिहून. आधी पाटी, मग हात. वीस वर्षे तिने हा नियम पाळला होता, आणि त्यामुळे तिची दहाही बोटे शाबूत होती. प्रोग्राम लिहितानाही तिने तेच केले. आधी मला हाक मारली, चिठ्ठीवर नाव लिहून घेतले. मग कोंब्याला हाक मारली. कोंब्याने फोटो कोंबला आणि सवयीप्रमाणे माझे नाव पुसून घरचे नाव लिहिले. कॅमेरा प्रत्येक फोटो घरी एकाच नावाने ठेवायचा, फोटो.जेपीजी. म्हणजे प्रत्येक पार्सल फोटो.जेपीजी याच नावाने निघाले. पलीकडचा सर्व्हर एका नावाची एकच फाइल ठेवणारा. नवा फोटो आला की जुना गेला.

मी शून्य परत केले. कोंब्याने शून्य परत केले. सगळे ठीक!

मी ओरडलो असतो, पण आम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. ताईने एकदा दार उघडून पाहिले, ऑफिसात फोटो आला, तिने टाळी वाजवली. पुढचे चार महिने कुणीही पाहिले तरी तिथे ताजा फोटो दिसायचा. "येतात की फोटो," असे म्हणून माणसे उठून जायची.

त्या दिवशी प्रेस तीनवर धाकटा होता. त्याचा सख्खा भाऊ, थोरला, पलीकडच्या शेडमध्ये रंगकामाला होता. दोघे एकाच सायकलवरून यायचे. आईबाप लवकर गेलेले, धाकट्याला थोरल्याने वाढवले होते.

अकरा वाजून बारा मिनिटांनी दार उघडले. फोटोत सुपरवायझर होता. त्याने पाठ वाकवून स्विचभोवती वायर गुंडाळली होती. मी नाव लावले: प्रेस तीन, अकरा बारा. कोंब्याने पुसले.

अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी कुणीतरी लाल बटणावर हात आपटला. फोटोत अर्धे दार होते आणि एक उलटी पडलेली टोपी. साच्यात धाकट्याचा उजवा हात होता, तो फोटोत आला नाही. त्याची किंकाळी सहाही प्रेसच्या आवाजावरून गेली, असे पुढे लोक सांगत. दोन टनांच्या साच्याखाली हाडाचा आवाज पत्र्यासारखाच येतो, असेही कुणी म्हणाले. असल्या गोष्टी माणसे पुन्हा पुन्हा का सांगतात, मला कळत नाही.

सगळे थिजले असताना धावला तो सेटर. त्याने पहार घेतली, प्रेसच्या मोठ्या चाकात घातली आणि अंगाचा सगळा जोर लावून चाक उलटे फिरवले. वरचा साचा बोटभर वर उचलला गेला. धाकट्याला लोकांनी ओढून बाजूला घेतले आणि उचलून गाडीकडे नेले. ते नेत असतानाच सेटर स्विचपाशी गेला आणि त्याने ती वायर उपटून काढली. स्विच हलला. फोटो निघाला. मी नाव लावले: प्रेस तीन, अकरा सेहेचाळीस. कोंब्याने पुसले.

प्रेस बंद केली गेली. सर्व्हरवर आता एकच फोटो होता, फोटो.जेपीजी. जाळीचे दार, दाराशी सेटर, त्याच्या बोटांत वायर, आणि ती बोटे स्विचवर. बांधणारा आणि सोडणारा फोटोत सारखाच दिसतो, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी सुपरवायझरने तो फोटो कागदावर छापला. रात्रभर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बसून थोरला नुकताच गेटमधून आत येत होता. धाकट्याची तीन बोटे काढली होती आणि तो अजून गुंगीतच होता. सुपरवायझरने थोरल्याच्या हातात कागद दिला.

"बघ. कालचाच आहे. ओळखतोस ना?"

"ह्यानेच तर माझ्या भावाला बाहेर काढलं म्हणतात."

"बांधली कुणी म्हणून विचार. स्वतः बांधली म्हणून तर पाप झाकायला पहिला धावला."

सेटर तेव्हा प्रेस तीनचा साचा उतरवत होता. पहार कालपासून चाकाला टेकवलेली तशीच होती. पुढचे मी एकेका फोटोतून पाहिले, कारण दर वेळी कुणाचे तरी अंग दारावर आदळत होते.

आठ वाजून एकवीस मिनिटे चार सेकंद. सेटर पाठमोरा, आणि मागे थोरला, पहार दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेली. सात सेकंद. सेटर गुडघ्यावर, एक हात दारात अडकलेला. अकरा सेकंद. पहार त्याच्या तोंडावर. पंधरा सेकंद. जाळीवर रक्त आणि दाताचा तुकडा. पुढच्या फोटोत त्याचा डावा डोळा जिथे असायला हवा तिथे नव्हता. तरी थोरला थांबला नाही. बाजूच्या प्रेस ठोकत राहिल्या, थोरला मारत राहिला, आणि मी नावे लिहीत राहिलो. एकोणीस, तेवीस, सव्वीस. एकेक नाव मी नीट अक्षरात लिहिले आणि कोंब्याने एकेक पुसले. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा नव्हे, माझ्या शून्यांचा राग आला. असले काम पार पाडून शून्य परत करणाऱ्याला काय म्हणायचे?

शेवटचा फोटो आठ एकवीस चव्वेचाळीसचा. ताई धावत आली होती. तिने थोरल्याला खांद्याने ढकलले होते आणि पहार हिसकावून घेतली होती. ढकललेला थोरला फोटोच्या बाहेर पडला. फोटोत उरली ताई, तिच्या हातातली पहार आणि पायाशी सेटर.

दुपारी पोलीस आले. अधिकाऱ्याने ऑफिसातल्या संगणकावर फोटो उघडला आणि ताईला बोलावले. ती आपला लॅपटॉप घेऊन आली. त्या लॅपटॉपमध्येही मी होतो, कारण आम्ही एकाच वेळी हजार ठिकाणी राहू शकतो.

"बाई, पहार तर तुमच्या हातात दिसतेय."

"मी हिसकावून घेतली, साहेब! शेडमध्ये सगळ्यांना विचारा."

"विचारू. पण फोटो एकच आहे, आणि त्यात तुम्ही आहात."

"एकच कसा असेल? दार दहा वेळा तरी आदळलं. दहा फोटो असले पाहिजेत."

"एकच आहे. नाव फोटो.जेपीजी."

ताईने ते नाव वाचले. तिने तिथेच लॅपटॉप उघडला आणि प्रोग्राम काढला. दोन ओळी. वरच्या ओळीत मी, खालच्या ओळीत कोंब्या. मग तिने आमचे माहितीपुस्तक उघडले आणि पानाच्या मध्यावरचे ते वाक्य वाचले. ओठ हलवत, लहान मूल वाचते तसे, तीनदा वाचले.

त्यानंतर ती स्वतःच्या बचावाचे काही बोललीच नाही. तिने सर्व्हरची आवक-नोंद उघडली. फोटो पुसला गेला तरी तो किती वाजता आला याची एकेक ओळ तिथे राहते. आजच्या दहा ओळी होत्या. कालच्या शेवटच्या तीन: अकरा बारा, अकरा एक्केचाळीस, अकरा सेहेचाळीस.

"साहेब, एका नावाचा एकच फोटो उरतो, तो शेवटचा. आज सकाळी छापला तो फोटो कालचा, अकरा सेहेचाळीसचाच आहे. अपघात एक्केचाळीसला झाला. सेटर वायर बांधत नव्हता. काढत होता."

"आणि बांधली कुणी?"

"ते अकरा बाराच्या फोटोत असणार. तो फोटो माझ्या चुकीने गेला."

"हे लिहून द्याल? नोकरी जाईल तुमची."

"त्याचा डोळा गेलाय, साहेब. कागद द्या."

तिने लिहून दिले. संध्याकाळपर्यंत तिची नोकरी गेली. जाण्याआधी तिने त्या दोन ओळींची अदलाबदल केली आणि दार दोनदा उघडून, ऑफिसात जाऊन, दोन नावांचे दोन फोटो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मग ती लॅपटॉप पिशवीत घालून दवाखान्यात गेली.

सेटर शुद्धीवर नव्हता. जबडा तारांनी बांधलेला, डोके इतके सुजलेले की उशी लहान वाटावी. त्याची बायको स्टुलावर बसली होती. ताईने तिला सगळे सांगितले. काही लपवले नाही.

"माझ्या नवऱ्याने बांधली नाही, हे मला कुणी कागदावर दाखवायची गरज नव्हती," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा. चार महिने फोटो पाठवलेत. एकदा तरी पलीकडे जाऊन बघितलंत का, पोचलं काय आणि उरलं काय?"

"नाही," ताई म्हणाली.

"का?"

तो प्रश्न मलाही लागू होता. मी हजारो नावे लावली, पण लावलेले नाव पलीकडे टिकले का, हे मी कधी विचारले नाही. ते माझे काम नाही, असे मी मानत होतो. सेटर निर्दोष असल्याचे पोलिसांनी चौथ्या दिवशी लेखी दिले. ताईने तो कागद त्याच्या कानाशी मोठ्याने वाचला. त्याला ऐकू गेले की नाही, सांगता येत नाही. पाचव्या दिवशी सकाळी सेटर गेला.

त्याच दुपारी धाकटा, थोरल्याला पकडून ठेवले होते त्या पोलीस कोठडीपाशी आला. हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. डॉक्टर नको म्हणत असताना ताई, खांद्याला तीच लॅपटॉपची पिशवी, त्याला धरून घेऊन आली होती, कारण त्याची जबानी व्हायची होती आणि त्याला भावाला भेटायचे होते. थोरला गजांच्या आत भिंतीला टेकून बसला होता.

"दादा, वायर सुपरवायझरने बांधली. माझ्यासमोर बांधली. सेटरने ती उपटली, गाडीकडे नेताना मी बघितलं."

"मला फोटो दाखवला होता," थोरला म्हणाला.

"अरे पण..."

"फोटो होता रे! हातात वायर होती त्याच्या!" तो उठला आणि गजांशी आला. "तू आधी का नाही सांगितलंस?"

"मी टेबलावर होतो, दादा. माझी बोटं कापत होते."

थोरला ताईकडे वळला.

"मी मारत होतो तेव्हा तो काय म्हणत होता, ऐकू आलं तुम्हाला?"

"नाही. प्रेस चालू होत्या."

"मला येत होतं ऐकू. म्हणत होता, तुझ्या भावाला विचार. दुसरं काहीच म्हणाला नाही. जबडा मोडला तरी तेच म्हणत होता. तुझ्या भावाला विचार."

धाकट्याने आपला चांगला हात गजांतून आत घातला. थोरल्याने तो धरला नाही.

सुपरवायझरवर खटला चालू आहे. धाकट्याची साक्ष आहे, ताईचा कागद आहे, आवक-नोंदीतली एक ओळ आहे, आणि फोटो नाही. काय निकाल लागेल ते मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या प्रोग्राम लिहील, तेव्हा आधी कोंब्याला बोलवा, मग मला, आणि नंतर पलीकडे जाऊन स्वतः बघा. पण तुम्ही कधीच प्रोग्राम लिहिला नाहीत तरी फोटो तुम्हाला दाखवले जातीलच. हातात कागद देऊन कुणी म्हणेल, हा बघ, हाच तो. त्या वेळी राग येईल, आणि तो येऊ द्या. फक्त पहार उचलण्याआधी एकदा विचारा, हा फोटो कधीचा आहे. खाली पडलेला माणूस ज्याला विचारायला सांगत असेल, त्याला विचारा.